स्मार्ट पाणी मीटर : सोसायटीच्या गेटपासून अनुदानाच्या फाइलपर्यंत

मागच्या वर्षी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो आला. गेटजवळच्या पाण्याच्या लाइनवर एक नवा मीटर बसवला होता. त्याला काटा नव्हता, फिरणारे आकडेही नव्हते, एक छोटी स्क्रीन आणि वर प्लॅस्टिकचं झाकण. खाली लगेच प्रश्न सुरू झाले. "आता प्रत्येक बादलीचे पैसे घेणार का?" "याच्यात सिम कार्ड असतं का?" "याचे पैसे कोणी दिले?"

ग्रुपवर मी एकटाच "कॉम्प्युटरवाला", म्हणून उत्तर द्यायची जबाबदारी माझ्यावर आली. पहिले दोन प्रश्न तंत्रज्ञानाचे होते, ते सोपे गेले. तिसऱ्याने मात्र माझे दोन-तीन रविवार खाल्ले. पण खरी गंमत तिसऱ्यातच आहे, कारण शहराला मीटरसाठी पैसे कुठून आणि कोणत्या अटींवर मिळाले, यावरच तो मीटर पुढे काय करणार हे ठरतं.

आधी मीटर उघडून बघू

जुना मीटर म्हणजे आत एक छोटा पंखा. पाणी गेलं की तो फिरतो, त्याला जोडलेली दातेरी चाकं फिरतात आणि वर आकडा सरकतो. साधं आणि स्वस्त यंत्र. याचा तोटा असा की पंखा झिजतो. झिजला की हळू वाहणारं पाणी तो पकडतच नाही. नळ थेंबथेंब गळत असेल तर पंखा जागचा हलत नाही आणि ते पाणी फुकटात जातं. म्हणजे मीटर म्हातारा झाला की बहुतेक वेळा चूक ग्राहकाच्या फायद्याची होते. त्यामुळे त्याची तक्रार कोणी करत नाही!

नव्या पिढीतला अल्ट्रासॉनिक मीटर वेगळा चालतो. त्यात फिरणारा भागच नसतो. दोन सेन्सर एकमेकांना आवाजाच्या लहरी पाठवतात, एकदा प्रवाहाच्या दिशेने आणि एकदा उलट. प्रवाहाबरोबर जाणारी लहर किंचित लवकर पोहोचते, उलटी जाणारी किंचित उशिरा. हा फरक नॅनोसेकंदांत असतो. त्यावरून पाण्याचा वेग काढायचा, वेगाला पाइपच्या आतल्या क्षेत्रफळाने गुणायचं, झालं. अकरावीच्या भौतिकशास्त्रात नदी आणि होडीचं गणित केलं असेल ना? तेच.

एक गैरसमज इथेच दूर करतो. "स्मार्ट" हा शब्द मोजण्याच्या पद्धतीसाठी नाही. पंख्याच्या मीटरलाही वर रेडिओचं मॉड्यूल लावलं की तो स्मार्ट होतो. मोजणं आणि कळवणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि टेंडरच्या जाहिरातींत ती मुद्दाम एकत्र सांगितली जातात असा मला संशय आहे.

आकडा पालिकेपर्यंत जातो कसा?

इथे दोन शब्द लक्षात ठेवा : एएमआर आणि एएमआय.

एएमआरमध्ये मीटर ठरावीक वेळाने स्वतःचा आकडा रेडिओवर बोलतो. ऐकायला माणूस लागतो. तो हातात रीडर घेऊन गल्लीतून चालत जातो किंवा गाडीतून फिरतो, आणि शंभर मीटरचे आकडे काही मिनिटांत गोळा होतात. कोणाच्या गेटची बेल वाजवायला नको, कुत्रा अंगावर यायला नको. पण आकडा मिळतो महिन्यातून एकदा किंवा दोन महिन्यांतून एकदा.

एएमआयमध्ये ऐकायला कायमची यंत्रणा असते. उंच इमारतींवर किंवा टाक्यांवर गेटवे बसवतात किंवा मोबाइल कंपनीचं एनबी-आयओटी नेटवर्क वापरतात. मीटर तासातासाचे आकडे साठवतो आणि दिवसातून एक-दोनदा पाठवतो. उलट दिशेने मीटरला सूचनाही देता येते. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा परवान्याशिवाय वापरता येतो, त्यामुळे लोरासारखं कमी बॅटरी खाणारं तंत्र इथे चालतं. वेग फारच कमी, पण पाठवायचं तरी काय असतं? एक आकडा, एक वेळ आणि "बॅटरी बरी आहे, कोणी छेडछाड केलेली नाही" असे एक-दोन झेंडे. काही डझन बाइट. तुम्ही ग्रुपवर टाकलेल्या "गुड मॉर्निंग"च्या एका फोटोत अशी हजारो रीडिंग बसतील.

सिम कार्डच्या प्रश्नाचं उत्तर यात आलं. लोरा असेल तर सिम नाही. एनबी-आयओटी असेल तर सिम असतं, बहुतेकदा बोर्डावरच पक्कं केलेलं. काढून फोनमध्ये घालायचा विचार करू नका.

वीज नसते, सगळं एका लिथियम बॅटरीवर चालतं. ती दहा वर्षं किंवा जास्त टिकेल असं गृहीत धरलेलं असतं. जितक्या वेळा बोलायचं तितकी ती लवकर संपणार, म्हणून "लाइव्ह" पाणी मीटर असं कोणी म्हणत असेल तर बॅटरीचं काय ते आधी विचारा.

शहराला यातून काय हवं असतं?

बिल हे वरवरचं उत्तर झालं. खरा शब्द आहे महसूलविरहित पाणी. धरणातून उचललं, शुद्ध केलं, पंप करून वर चढवलं, आणि ज्याचे पैसे आलेच नाहीत असं पाणी. पुण्यात हे प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास असल्याचं महापालिकेच्याच चर्चांत अनेकदा आलं आहे.

या पाण्याचे दोन प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत होऊ देऊ नका. पहिला प्रकार खरी गळती. जमिनीखालचा पाइप फुटलाय, पाणी मातीत गेलं. दुसरा कागदावरची गळती. पाणी कोणीतरी वापरलं, पण मीटर झिजलेला होता, बेकायदा जोडणी होती किंवा बिलच चुकलं. घरोघरी नवे मीटर बसवले की मुख्यतः दुसरा प्रकार कमी होतो. म्हणजे पालिकेचं उत्पन्न वाढतं, पण धरणातलं पाणी थेंबभरही वाचत नाही! पाणी वाचतं ते पुढच्या पायरीला, कोणी ते आकडे वापरून फुटलेला पाइप शोधला तर.

तो शोधायची रीत अशी. शहराचे छोटे विभाग पाडायचे. प्रत्येक विभागात पाणी एकाच ठिकाणाहून शिरेल अशी सोय करायची आणि तिथे मोठा मीटर लावायचा. विभागातल्या सगळ्या जोडण्यांची बेरीज करायची, आणि आत शिरलेल्या पाण्यातून ती वजा करायची. समजा दिवसाला २० लाख लिटर आत आलं आणि सगळ्या मीटरांची बेरीज १३ लाख भरली. ७ लाख लिटर याच विभागात कुठेतरी गायब आहे. मग पहाटे दोन ते चार या वेळातला प्रवाह बघायचा. सगळे झोपलेले असताना जे वाहतंय त्यात गळतीचा वाटा मोठा.

ही पद्धत परदेशी पुस्तकांत फार सुंदर दिसते. आपल्याकडे एक अडचण आहे : टाक्या. आपल्या इमारतीत तळाला एक टाकी, गच्चीवर दुसरी. पाणी येतं तेव्हा ती भरते, मग रात्र असो की दिवस. पहाटे तीनला प्रवाह दिसला तर ती गळती आहे की एखादी सोसायटी टाकी भरतेय, हे नुसत्या विभागाच्या मीटरवरून कळत नाही. पण जोडण्यांवरही तासाचे आकडे देणारे मीटर असतील तर कळतं, कारण त्या दोन तासांची बेरीज-वजाबाकी करता येते. माझ्या मते आपल्या शहरांसाठी एएमआयचं खरं समर्थन इथे आहे, ॲपवरच्या रंगीत आलेखात नाही.

आता पैसे

पुण्याचीच गोष्ट घेऊ, कारण तिच्यात सगळं आहे.

पुणे महापालिकेने शहरभर समान पाणीपुरवठ्याची योजना आखली. ऐंशीच्या वर साठवण टाक्या, दीड हजार किलोमीटरहून जास्त वाहिन्या, १४१ विभाग आणि सुमारे तीन लाख एएमआर मीटर. खर्च दोन हजार कोटींच्या वर. आता पुण्यात घरगुती पाणीपट्टी ही मिळकतकराबरोबर येते, घराच्या करपात्र किमतीवरून. तुम्ही किती पाणी वापरलं याच्याशी तिचा संबंध नाही. अशा पद्धतीतून एवढी रक्कम एकदम उभी राहणं शक्यच नव्हतं.

म्हणून जून २०१७ मध्ये महापालिकेने कर्जरोखे काढले. २०० कोटी रुपये, दहा वर्षांसाठी, ७.५९ टक्के व्याजाने. मुंबई शेअर बाजारात त्यांची नोंदणी झाली, तेव्हा केंद्रीय मंत्री वेंकय्या नायडू आणि मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस तिथे हजर होते. केंद्राला शहरांनी बाजारातून पैसे उभे करायला हवे होते, म्हणून अमृत योजनेतून प्रोत्साहन ठेवलेलं होतं : दर १०० कोटींच्या रोख्यांमागे १३ कोटी. पुण्याला त्यातून २६ कोटी मिळाले.

मग निविदांवरून वाद झाला. पहिली निविदा प्रक्रिया रद्द झाली, नव्याने राबवली, आणि काम लांबलं. पैसे हातात, पण खर्च करायला काम नाही. २०० कोटींवर ७.५९ टक्के म्हणजे वर्षाला १५ कोटी १८ लाख व्याज. बँकेत ठेवलेल्या रकमेवर थोडं व्याज परत येतं हे खरं, पण प्रोत्साहनाचे २६ कोटी म्हणजे दोन वर्षांचंही पूर्ण व्याज नाही, हा हिशोब कोणीही फोनच्या कॅल्क्युलेटरवर करू शकतो. अनुदान मिळवताना वेळापत्रकही तितकंच जपावं लागतं, ते असं.

छोट्या शहरांना रोख्यांचा रस्ता फारसा खुला नाही. त्यांच्यासाठी थेट अनुदान असतं. १ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झालेल्या अमृत २.० मध्ये केंद्राचा वाटा शहराच्या लोकसंख्येवर ठरतो. एक लाखापेक्षा कमी वस्ती असेल तर प्रकल्पाच्या निम्मे पैसे केंद्र देतं, एक ते दहा लाखांमध्ये एक तृतीयांश, दहा लाखांच्या वर २५ टक्के. ईशान्य आणि डोंगराळ राज्यांना यापेक्षा बरंच जास्त. रक्कम तीन हप्त्यांत येते : २०, ४० आणि ४० टक्के.

समजा सहा लाख वस्तीच्या शहराने ९० कोटींचा प्रकल्प मांडला. केंद्राचे ३० कोटी. पहिल्या हप्त्यात त्यातले ६ कोटी. उरलेले ६० कोटी राज्य आणि पालिकेने मिळून आणायचे. म्हणजे "केंद्राने फुकट मीटर दिले" असं जे गल्लीत ऐकू येतं ते अर्धवटही खरं नाही. आणि याच योजनेच्या सुधारणांमध्ये महसूलविरहित पाणी २० टक्क्यांच्या खाली आणणं हे आहे. मीटर नसेल तर २० टक्के की ४० टक्के हे सिद्ध कसं करणार? अनुदानाच्या अटीतून मीटर तुमच्या गेटपर्यंत येतो तो असा.

अमेरिकेतला अर्ज वाचताना

तुलनेसाठी मी अमेरिकेतल्या वॉटरस्मार्ट योजनेची कागदपत्रं वाचली. ही तिथल्या गृह खात्याच्या ब्युरो ऑफ रेक्लमेशनची योजना. (त्यांचं गृह खातं आपल्यासारखं पोलिसांचं नाही, जमीन आणि पाण्याचं आहे.) दुष्काळी पश्चिम राज्यांतली छोटी-मोठी शहरं आणि पाटबंधारे संस्था तिच्यात अर्ज करतात, आणि जुने मीटर बदलून एएमआय बसवणं हा त्यातला अगदी नेहमीचा विषय.

अट पहिली : निम्मे किंवा जास्त पैसे अर्जदाराने आणायचे. नगर परिषदेचा अधिकृत ठराव जोडायचा, की आमचा वाटा आम्ही देऊ. आणि अर्ज आला म्हणून पैसे मिळाले असं नाही, इतर शहरांशी स्पर्धा असते आणि गुण दिले जातात.

मला आवडलेला भाग म्हणजे पाणी किती वाचणार हा प्रश्न. नुसता आकडा चालत नाही. तो कसा काढला, त्यामागे कोणती माहिती आहे, आणि काम झाल्यावर खरंच तेवढं वाचलं हे कसं तपासणार, हे सगळं लिहावं लागतं. इथे तो मघाचा फरक कामाला येतो. "जुने मीटर दहा टक्के कमी दाखवायचे, नवे बरोबर दाखवतील" ही पाण्याची बचत नव्हे, ती उत्पन्नातली वाढ. बचत दाखवायची तर ग्राहकांच्या बाजूच्या गळत्या किती दिवसांत पकडल्या जातील, त्या पूर्वी किती दिवस चालत होत्या, हे मांडावं लागतं. म्हणजे मीटर बसवायच्या आधीची मोजणी हवीच. ज्या शहराने आधी काही मोजलंच नाही, ते नंतर काय सिद्ध करणार?

आपल्याकडच्या प्रकल्प अहवालांत हा भाग इतका ठळक असावा असं मला मनापासून वाटतं. "किती मीटर बसवले" हे मोजणं सोपं आहे म्हणून तेच मोजलं जातं.

गाडी कुठे अडते

पहिली अडचण हवा. ज्या शहरात पाणी दिवसातून दोन तास येतं तिथे उरलेला वेळ पाइप रिकामा असतो. पाणी सुटलं की पुढे हवा ढकलली जाते आणि पंख्याचा मीटर हवेवरही फिरतो. लोक "हवेचं बिल" म्हणून भांडतात ते नेहमीच थापा मारत नसतात. पाइप सतत भरलेला राहिला तर हा प्रश्न बराचसा मिटतो, म्हणून अखंड पुरवठा आणि मीटर या जोडीने करायच्या गोष्टी आहेत. मीटर आधी आणि पाणी नंतर असं झालं की लोकांचा विश्वास उडतो. पुण्यातही काही भागांत मीटर बसवायला विरोध झालाच.

दुसरी अडचण, सोसायटीला मीटर एकच. साठ फ्लॅट, एक आकडा. चौथ्या मजल्यावर एकटे राहणारे आजोबा आणि सातव्या मजल्यावरचं सहा जणांचं कुटुंब, बिल मात्र सारखं वाटून. तासाचा आकडा आला तरी तो टाकी भरल्याचा आकडा आहे, तुमच्या नळाचा नाही. फ्लॅटवार मीटर हवे असतील तर तो खर्च सोसायटीचा, आणि बाथरूमला एक आणि स्वयंपाकघराला एक अशा वेगळ्या लाइन खाली येत असतील तर एका फ्लॅटला तीन-तीन मीटर लागतात. आमच्या मीटिंगमध्ये हा विषय याच वाक्यावर थांबला.

तिसरी अडचण, वय. कॅनडातल्या टोरोंटो शहराने शहरभर रेडिओवर आकडे पाठवणारे मीटर बसवले. सुमारे ४ लाख ७० हजार. पाठवणारं यंत्र वीस वर्षं टिकायचं होतं, पण ती वेळेच्या खूप आधी बंद पडू लागली आणि सगळीच बदलायची वेळ शहरावर आली. अनुदान साधारणपणे उभारणीसाठी मिळतं. दहा-बारा वर्षांनी बॅटऱ्या बदलायचे पैसे कोणत्या खात्यातून येणार, हा प्रश्न उद्घाटनाच्या दिवशी कोणी विचारत नाही.

आणि चौथी माझ्या धंद्यातली. मे २०१९ मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहराच्या संगणकांवर खंडणीचा हल्ला झाला. पाणी नळाला येत होतं, पण पाण्याची बिलं निघणं महिनोन्महिने बंद पडलं. शिवाय तासाच्या आकड्यावरून घर रिकामं आहे की नाही हे कळतं. बंगल्याला स्वतंत्र मीटर असेल तर तुम्ही गावाला गेल्याचं त्या आकड्यात स्पष्ट दिसतं. मीटर ते गेटवे ही माहिती सहसा कुलूपबंद असते, लोराच्या प्रमाणात एईएस-१२८ ठरलेलंच आहे. धोका बहुतेकदा पुढे असतो, ठेकेदाराच्या सर्व्हरवर आणि सगळ्यांना माहीत असलेल्या पासवर्डमध्ये.

तुमच्या गेटवर मीटर लागला असेल तर

स्क्रीनवरचा आकडा घनमीटरमध्ये असतो. एक घनमीटर म्हणजे हजार लिटर. दशांश चिन्हानंतरचे तीन आकडे म्हणजे सुटे लिटर. शहरी पुरवठ्याचं केंद्राचं मानक माणशी दिवसाला १३५ लिटर, म्हणजे चौघांच्या घराला ५४० लिटर. साठ घरांच्या सोसायटीत दिवसाला ३२ घनमीटरच्या आसपास पडायला हवं. टँकर येत असतील तर त्यांचं पाणी या मीटरवर येत नाही, ते वेगळं धरा.

गळती तपासायची असेल तर टाकी पूर्ण भरू द्या, फ्लोट व्हॉल्व्ह बंद झाला की मीटरचा फोटो काढा आणि टाकीतून पंप सुरू न करता अर्ध्या तासाने दुसरा फोटो काढा. दोन्ही आकडे सारखे यायला हवेत. आमच्याकडे आले नाहीत. अर्ध्या तासात १५ लिटर गेले होते, म्हणजे मिनिटाला अर्धा लिटर. ऐकायला काहीच नाही, पण दिवसाला ७२० लिटर होतात, चार माणसांच्या घराच्या वापरापेक्षा जास्त. फ्लोट व्हॉल्व्हचा रबर झिजला होता आणि जादा पाणी ओव्हरफ्लोच्या पाइपमधून सरळ गटारात जात होतं. वॉचमनकाकांना हे ठाऊक होतं. त्यांनी दोनदा सांगितलंही होतं म्हणे, पण तेव्हा ग्रुपवर फोटो टाकायला आकडा नव्हता.